मास्तरची बेचाळीस मापं

मास्तर वर्गात शिरला तेव्हा भूशास्त्राच्या बाई फळा पुसत होत्या. मागं वळून एकदा बघितलं आणि परत फळ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "अ‍ॅप्रनची मापं पुढच्या महिन्यात, मास्तर. अजून सगळ्यांचे प्रवेश व्हायचेत."

"मापं घ्यायला नाही आलो, बाई," मास्तर म्हणाला. "बसायला आलोय."

आणि खरंच बसला. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेच्या जागेवर. वय सत्तेचाळीस, डोक्यावर केस मोजायला बसलं तर दुपारपर्यंत मोजून व्हावेत एवढेच, खिशात शिंप्याचा खडू. वर्गातली निम्मी पोरं त्याला ओळखत होती, कारण त्यांचे शाळेचे गणवेश त्यानंच शिवले होते. एकजण कुजबुजला, "माझी पँट अजून दिली नाही यांनी आणि इथं येऊन बसलेत." मास्तरनं ऐकलं आणि वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं. पँटचं.

झालं होतं असं. सव्वीस वर्षांपूर्वी मास्तर याच कॉलेजात भूशास्त्राची दोन वर्षं शिकला होता. बरा शिकला होता. तिसऱ्याच्या तोंडावर बापाची नजर गेली, सुईत दोरा जाईना. दुकान तात्पुरतं सांभाळायला म्हणून मास्तर मशीनवर बसला, आणि ते तात्पुरतं सव्वीस वर्षं चाललं. बाप गेला, टेलर म्हणून नाव झालं, लोक मास्तर म्हणायला लागले. पण माणसाची खोड जाते थोडीच! रस्त्यावर खडी पडली की हा वाकलाच.

मग एक दिवस कॉलेजचा कारकून कोट ढिला करायला आला. पोटानं कोटाशी भांडण मांडलं होतं. बोलता बोलता म्हणाला, "मास्तर, जुन्या अभ्यासक्रमाचं हे शेवटचं वर्ष. ज्यांचं अर्धवट राहिलंय त्यांना यंदा तिसरं वर्ष करता येईल. यंदा नाही तर मग जुने मार्क सगळे बाद. परत पहिल्या वर्षापासून."

मास्तर कात्री हातात धरून नुसता उभा. बायको बाजूला स्टुलावर काजं करत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाव घाला यांचं," ती कारकुनाला म्हणाली.

"अगं, दुकान..."

"दुकान कुठं पळून चाललंय? सव्वीस वर्षं ऐकतेय मी. लग्नाला गेलो तरी नवरा-नवरी सोडून हे फरशी बघतात. खाली बसून बोटं फिरवतात. लोकांना वाटतं बटण पडलंय, चार माणसं शोधायला लागतात." तिनं दातानं दोरा तोडला. "सकाळी कापून जा. शिवायचं मी बघते. आणि एक, नापास होऊन येऊ नका. गल्लीत मला तोंड दाखवायचंय."

एवढ्यावर मास्तर कॉलेजात गेला.

अभ्यास सोपा नव्हता. पोरांच्या डोक्यात पाणी भरावं तसं भरायचं, याच्या डोक्यात अस्तर, इस्त्री, कुणाचा कोट कधी, असलं सगळं आधीच कोंबलेलं. पृथ्वीची युगं काही केल्या ध्यानात राहीनात. मग त्यानं जुनी मापाची टेप घेतली. दीडशे सेंटिमीटरची. पृथ्वीचं वय चारशे साठ कोटी वर्षं, म्हणजे एका सेंटिमीटरला तीन कोटी. बॉलपेननं खुणा केल्या. मासे टेपच्या शेवटच्या वितीत आले. डायनासोर मेले ते शेवटाच्या दोन सेंटिमीटर अलीकडं. आणि माणूस? माणसाला खूणच करता येईना. टेपच्या टोकाला पत्रा असतो ना, त्याच्यावर बसलेल्या धुळीएवढा माणूस निघाला.

घोळ असा झाला की बायकोनं एक दिवस चुकून तीच टेप दुकानात ठेवली. मास्तरनं कारकुनाच्या पोटाला लावली, नव्वदवर बोट ठेवलं आणि तंद्रीत बोलून गेला, "साहेब, तुमची कंबर भरते तिथं पृथ्वीवर नुसते जंतू होते."

कारकून आठ दिवस दुकानात आला नाही.

चुनखडीवर आम्ल टाकलं की फसफसतं, हे बाईंनी वर्गात दाखवलं, तर मास्तरनं घरचं व्हिनेगर आणून दुकानाच्या पायरीवर ओतलं. पायरी फसफसली. मास्तर आनंदानं ओरडला, "अगं, आपली पायरी समुद्रातली आहे!" शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "फेस माझ्या धंद्यातला आहे, मास्तर. पायरीची दाढी करायची तर रांगेत बसवा."

पण दगड ओळखण्यात मास्तरचा हात धरणारा कुणी नव्हता. दगड हातात दिला की तो आधी अंगठ्यानं चोळायचा, कापडाचा पोत बघावा तसा, आणि कण बारीक की भरड ते भिंग न लावता सांगायचा. बाईंनी एकदा सगळ्यांना ओल्या मातीचा कण दाताखाली धरायला सांगितलं. कचकचला तर गाळ, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. पोरं नाकं मुरडत होती. मास्तरनं जन्मभर दोरे तोडले होते दातानं, त्याला काय! चावून म्हणाला, "गाळ आहे, बाई. आणि थोडं मीठ कमी आहे." वर्ग हसला आणि त्या दिवसापासून मास्तर वर्गाचा झाला.

वर्षाच्या शेवटी क्षेत्र-अभ्यास. चार दिवस डोंगरात राहायचं, दोघादोघांच्या जोडीनं एका दरीचा नकाशा करायचा. दगड जिथं जिथं उघडा दिसेल तिथं जायचं, थर कुठल्या दिशेनं धावतोय ते होकायंत्रावर वाचायचं, किती कललाय ते मोजायचं, वहीत लिहायचं, नकाशावर मांडायचं, आणि नकाशाखाली डोंगर उभा कापल्यासारखा छेद काढायचा. चौथ्या दिवशी चार वाजता बाहेरचे परीक्षक येणार, जागेवरच तोंडी परीक्षा. नकाशावर बाईंची लाल सही पडली तर पास. नाही पडली तर वर्ष गेलं. पोरांचं वर्ष गेलं तर पुढचं वर्ष असतं. मास्तरला पुढचं वर्ष नव्हतंच.

जोडीला त्याच्या वाट्याला वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी आली. तिला सगळे मोटर म्हणायचे. चालायची भरभर, बोलायची त्याहून भरभर, आणि थांबली की घुरघुरायची. तिनं पहिल्याच सकाळी कामं वाटली, "काका, तुमचा हात स्थिर आहे. होकायंत्र तुम्ही धरा. मी लिहिते, नमुने घेते, अंतर मोजते."

"चालेल. पण जरा हळू. माझे गुडघे सेकंडहँड आहेत."

बाईंनी निघताना बजावलं होतं की होकायंत्र वाचताना लोखंड जवळ ठेवायचं नाही, सुई फिरते. मास्तरनं ते मनावर घेतलं. दर वेळी हातोडी दहा पावलं लांब ठेवायचा. किल्ल्या मोटरच्या पिशवीत. इतकंच काय, बक्कल लोखंडी म्हणून कमरेचा पट्टासुद्धा काढून झुडपावर टांगायचा. मोटर म्हणाली, "काका, पँट?" मास्तर म्हणाला, "मी शिवलीय. पट्टा नुसता शोभेला असतो." मग वही डाव्या हातानं दगडावर दाबून धरायची, तिच्या कडेला होकायंत्र टेकवायचं, श्वास रोखायचा, आणि आकडा सांगायचा. देवळात उभा राहावा इतक्या भक्तीनं.

तीन दिवसांत बेचाळीस ठिकाणं झाली. दुसऱ्या कुठल्याच जोडीची तीसच्या वर नव्हती. आणि नकाशावर जे उमटत होतं ते बघून मोटरचे डोळे मोठे व्हायला लागले. थर इथं पूर्वेला वळत होते, तिथं एकदम दक्षिणेला, ओढ्यापलीकडं भलतीकडंच.

"काका, इथं भ्रंश आहे! जमीन चिरून सरकलीय."

"एकानं भागत नाही," मास्तर नकाशावर वाकून म्हणाला. "दोन पाहिजेत."

त्यांनी दोन जाड रेघा मारल्या. मोटर म्हणाली, हे कुणालाच सापडलं नसेल. मास्तरच्या छातीचं माप त्या दिवशी घेतलं असतं तर दोन इंच जास्त भरलं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिवाजाप्रमाणं सगळ्यांचे कच्चे नकाशे मुक्कामाच्या खोलीत भिंतीला लावले. आठ नकाशे. सात नकाशांत थर सरळ, गुण्यागोविंदानं दरीच्या बाजूनं चाललेले. आठव्यात ते वरातीत नाचल्यासारखे. बाई चहाचा कप घेऊन भिंतीपुढून फिरल्या. आठव्यापाशी थांबल्या. "हं," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला काही सांगायचं नाही हा त्यांचा नियम होता.

"त्या 'हं' म्हणाल्या, काका," मोटर पांढरी पडली.

"चहा गरम असेल."

"चहा गरम असला की माणूस 'हा' म्हणतो."

बाजूच्या टेबलावरचा पोरगा वाकून म्हणाला, "काका, आमचा बघून उतरवून घ्या. कुणाला कळतंय?"

मास्तरनं त्याच्याकडं बघितलं. "दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगात जातो रे बाबा. पण परीक्षकानं हात वर करा म्हटलं की काखेत उसवतो." आणि मग मोटरला हळूच म्हणाला, "त्यांचंच चुकलं असेल. सातजण चुकू शकतात." पण आवाजात काही दम नव्हता. बायकोचं वाक्य कानात घुमायला लागलं होतं, गल्लीत तोंड दाखवायचंय म्हणून.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं मुक्कामामागच्या पहिल्या दगडापाशी गेले. मोटर म्हणाली, "आज मी वाचते." तिनं वाचलं. वहीतल्या आकड्यात आणि तिच्या आकड्यात तीस अंशांचा फरक.

"तुम्ही चुकीचं वाचलंत!"

"मी? अगं, सुईच्या नाकातून सव्वीस वर्षं बघतोय मी. आण इकडं."

त्यानं हातोडी ठेवली लांब, पट्टा काढला, वही दाबली, वाचलं. परत जुनाच आकडा. तिनं वाचलं, नवा आकडा. त्यानं वाचलं, जुना. दोघंही एकमेकांकडं बघायला लागले. दगड तोच, यंत्र तेच. मग मोटरनं यंत्र दगडावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, हात लावू नका. नुसता जवळ आणा. डावा."

मास्तरनं हात जवळ नेला. सुई गायीमागं वासरू चालावं तशी त्याच्या हातामागं चालली.

"बाही वर करा."

काट्यांमुळं तीन दिवस मास्तर पूर्ण बाहीचा सदरा घालून, बटण लावून हिंडत होता. त्यानं बाही वर केली. मनगटावर चामड्याचा पट्टा, त्याच्यावर रुपयाएवढं चुंबक, चुंबकाला चिकटलेल्या सहा टाचण्या. कापडाला लावायच्या टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत म्हणून बायकोनं वीस वर्षांपूर्वी दिलेलं. आंघोळीला तेवढं निघायचं. मास्तरच्या लेखी ती वस्तू नव्हतीच. तो त्याचा हात होता.

 मोटरच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग ती दगडावर बसून पोट धरून हसायला लागली. "पट्टा काढत होतात तुम्ही! तीन दिवस! झुडपावर पट्टा टांगून..." मास्तर आधी चिडला, मग त्यालाही आवरेना. मुक्कामातला स्वयंपाकी बाहेर येऊन बघून गेला.

हसून झाल्यावर दोघांनी वही उघडली. बेचाळीस आकडे गेले होते. प्रत्येक दगडापाशी तो वेगळ्या बाजूला तोंड करून उभा राहिलेला, म्हणजे सुईही वेगवेगळी फिरलेली. कुठं दहा अंश, कुठं चाळीस. सरसकट वजा करून भागणार नव्हतं. आणि हातात चार वाजेपर्यंतचाच वेळ.

"बेचाळीस ठिकाणं परत नाही होणार," मोटर म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता पाणी यायला लागलं होतं. "माझं ठीक आहे, काका. तुमचं..."

"माझं राहू दे. चूक माझी, आणि तुझी मेहनत वाया." मास्तरनं चुंबक सोडलं, स्वयंपाक्याकडं टाकलं आणि नकाशापुढं उकिडवा बसला. बराच वेळ बसला. बोटानं नकाशा चोळत होता, पोत बघत असल्यासारखा. मग म्हणाला, "कल किती ते बरोबर आहे ना? ते सुईवर नाही, लोंबत्या वजनावर चालतं."

"हो. कल बरोबर. जागा बरोबर. दगड कुठला तेही बरोबर. दिशा तेवढी गेली."

"मग कापड आहे आपल्याकडं. मापं गेलीत. आणि कोटाला बेचाळीस मापं लागत नाहीत, पोरी. नऊ पुरतात. सरळ जातं तिथं मापाचं काम नसतं. खांद्यावर लागतं, काखेत लागतं, जिथं वळतं तिथं लागतं." त्यानं खिशातला खडू काढला आणि नकाशावर टिपके दिले. चार ओढ्याच्या अलीकडं, चार पलीकडं, एक दरी जिथं मिटत होती तिथं टोकाला. "चल."

मग ती दोघं पळाली. मास्तरचे सेकंडहँड गुडघे सहाव्या ठिकाणापर्यंत कुरकुरले, नंतर गप्पच बसले, ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर. मोटर वाचायची, मास्तर लिहायचा. वही शाईचीच, आणि त्यांच्या विभागात वहीतलं पुसायचं नाही, एका रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, असा दंडक. ओढा ओलांडताना मोटर धापा टाकत म्हणाली, "काका, नवी वही करू या का? नऊच घेतली होती असं दाखवू. बेचाळीसची लाज कशाला?"

"गिऱ्हाईक जाड झालं की त्याचं जुनं माप आम्ही खोडतो. फाडत नाही. कुठनं कुठवर वाढला ते कळायला नको?" आणि मास्तरनं दगडावर बसून पानाच्या माथ्यावर लिहिलं, 'दिशेची पहिली बेचाळीस वाचनं माझ्या मनगटावरच्या चुंबकामुळे चुकीची.' खाली सही केली. दोन जाड भ्रंशांवर रेघ मारताना मात्र त्याला जरा जड गेलं. छान होते ते.

नववं ठिकाण झालं तेव्हा दोन वाजले होते. नऊ आकडे मांडल्यावर नकाशा शांत झाला. अलीकडच्या उतारावरचे थर अलीकडं कललेले, पलीकडचे पलीकडं.

चार वाजता परीक्षक आले. उंच, कोरडे, आणि अंगातल्या कोटाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. मास्तरची नजर खांद्यावरून हलेना. मोटरनं त्याला कोपर मारलं. बाई बाजूला उभ्या होत्या, हातात लाल पेन, टोपण लावलेलं.

परीक्षकांनी वही उघडली. बेचाळीस खोडलेल्या ओळी बघितल्या, माथ्यावरचं वाक्य वाचलं, परत वाचलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"चुंबक कुणाचं?"

"माझं, साहेब."

"नऊ वाचनांवर नकाशा? बाकीच्यांनी तीस घेतलीत."

"साहेब, नऊच ठिकाणी वळत होतं."

"कशावरनं वळतं? खाली झाडीत तर काही दिसत नाही. मला दाखवा. या थरांचं काय झालं ते इथं उभं राहून सांगा."

मास्तर दरीकडं वळला. तीन दिवस ही दरी त्यानं पायाखाली घातली होती, पण नाक कायम होकायंत्रात. आता पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. अलीकडच्या उतारावर शिंपल्यांच्या ठशांची चुनखडी वर चढत चढत येत होती आणि कड्यापाशी तुटत होती. समोरच्या कड्यावर तीच चुनखडी, तेच शिंपले, उलट्या बाजूला उतरत होती. मधे काही नव्हतं. मधे नुसती हवा, आणि हवेत एक घार.

आणि एकदम त्याला ते दिसलं.

"साहेब, ही घडी आहे. दोन्ही बाजूंनी दाबलं, मधे वर आलं. असं." त्यानं खिशातला रुमाल काढून दोन हातांत धरला आणि हात जवळ आणले. रुमालाची कमान झाली. "दरी आहे तिथं पूर्वी माथा होता. हा कडा म्हणजे एक खांदा, तो दुसरा. आणि वरचं कापड..." त्याचा हात आपोआप वर गेला, अलीकडच्या कड्यावरून निघाला, आभाळातून गोल फिरला, आणि पलीकडच्या कड्यावर टेकला. "वरचं कापड हे इथनं असं गेलं होतं. आता नाही. पण होतं. ती घार आहे ना, तिच्या बरंच वर."

परीक्षकांची मान त्याच्या बोटामागं वर गेली. बाईंचीही गेली. मोटर तर तोंड उघडं टाकूनच बघत होती. चौघं माणसं काहीही नसलेल्या आभाळाकडं टक लावून उभी.

"नकाशाखालच्या छेदात हे काढलंय?" परीक्षकांनी विचारलं.

"दगड आहे तिथवर काढलंय. आभाळात रेघ ओढायचा धीर झाला नाही."

"ओढा. तुटक ओढा. पण ओढा."

मास्तरनं पेन्सिल घेतली आणि कागदावर, एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, आभाळातून तुटक रेघ ओढली. धावदोऱ्याचे टाके घालावेत तशी, एकसारखी, कुठं ओढ न देता. हात जराही हलला नाही. रेघ टेकली तशी बाईंनी नकाशा त्याच्या हाताखालून ओढला आणि लाल सही केली. एवढी मोठी की खालची तारीख तिच्यात बुडाली.

मोटरनं किंचाळून मास्तरच्या पाठीत धपका घातला. परीक्षक म्हणाले, "मार्क कापणार आहे मी. चुंबकाचे दहा."

"कापा, साहेब. कापण्याला आम्ही भीत नाही."

फोनला रेंज म्हणून त्या सगळ्या दरीत एका मोठ्या धोंड्यावर तेवढी मिळायची. मास्तर त्याच्यावर चढला. पलीकडं मशीनचा आवाज.

"पास का?" बायको म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पास."

मशीन थांबलं. मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, "पास झाले हो!" आणि तिकडनं सलूनवाल्यानं काहीतरी ओरडून उत्तर दिलं. ती परत आली तेव्हा आवाज जरा ओला होता, पण तिनं लगेच झटकला. "काय दाखवलंत त्यांना एवढं?"

"आभाळ."

"नीट सांगा."

मग त्यानं नीट सांगितलं. घडी, खांदे, कमान, मधलं नसलेलं कापड. बायकोनं मधे एकदाही तोडलं नाही.

"मग ते वरचं गेलं कुठं?" तिनं विचारलं.

"ओढ्यानं नेलं. वाळू करून. खाली कुठं तरी परत थर बसत असेल त्याचा."

"आत्ता? आपण बोलतोय तोवर?"

"आत्ता."

 "एकदा बघायला न्या मला," ती म्हणाली. "नुसतं सांगून नाही चालायचं. आणि डॉक्टरांच्या कोटाचं अस्तर कुठं ठेवलंय ते सांगा, दोन दिवस शोधतेय मी."

खाली बसवाला भोंगा वाजवत होता आणि मोटर हातवारे करत धावत येत होती. मास्तर धोंड्यावर उभा राहून, एक डोळा समोरच्या कड्यावर ठेवून, निळ्या अस्तराचा कप्पा कुठला ते सांगत राहिला.